शब्दांची सोबत : बँकर

खोपोलीहून निघून कर्जतला पुण्याची गाडी धरली, की मुले विचारतात, मागे जोडलेल्या इंजिनांना ‘बँकर’ का म्हणतात? त्यांचा पैशांशी संबंध नाही. इंग्रजीत ‘बँक’ म्हणजे चढ किंवा बांधही; नदीचा काठही तोच. बोरघाटात ३७ फुटांमागे १ फूट चढ आहे. तिथे गाडीला मागून रेटा देणे म्हणजे ‘बँक’ करणे. पैशांची ‘बँक’ आली इटलीतल्या सराफांच्या बाकावरून. (‘सराफ’ मात्र अरबीतून आलेला.) वळताना विमान कलते तेही ‘बँक’, आणि ‘बँक ऑन’ म्हणजे भरवसा ठेवणे. कोशातला पहिलाच अर्थ उचलणाऱ्या मुलांचे भाषांतर इथेच घसरते. बाकी, व्याजाला हात न लावणाऱ्या घरांनाही घाट चढायला बँकर लागतोच!