फॉरमॅट मारण्याआधी

संगणक अडला की दुकानदार म्हणतो, ‘फॉरमॅट मारून देतो’, आणि आपण मान डोलावतो. या शब्दाचा धसका आता कुणाला वाटत नाही. १९८० च्या दशकातल्या पीसींना मात्र फॉरमॅट दोन होते. त्यांतला खालच्या पातळीचा, म्हणजे ‘लो-लेव्हल’ फॉरमॅट, हे भलतेच प्रकरण होते. ती यंत्रे आज घरांच्या माळ्यांवर आणि संस्थांच्या अडगळीत पडून आहेत, हौशी तरुण ती पुन्हा चालू करू पाहत आहेत. म्हणून हा विषय.

बँकेतल्या माणसाला हा भेद चटकन कळतो. कोऱ्या लेजरच्या पानांवर आधी रेघा ओढायच्या, पानांना क्रमांक घालायचे. हे लो-लेव्हल फॉरमॅटचे काम. अनुक्रमणिका तयार करणे हे डॉसच्या साध्या फॉरमॅट आज्ञेचे. हार्ड डिस्कवर ही आज्ञा सामान्यतः अनुक्रमणिकाच कोरी करते. आतला मजकूर जागेवर राहतो, जाणकाराला तो परत काढता येतो. खालचा फॉरमॅट रेघांसकट सारे खरवडून टाकतो.

सीगेट कंपनीची एसटी-२२५ ही त्या काळची सर्वत्र दिसणारी डिस्क. डोकी ४, प्रत्येक डोक्याखाली ६१५ वर्तुळे, वर्तुळात १७ कप्पे, कप्प्यात ५१२ बाइट. गुणाकार करा, २ कोटी १४ लाख भरतात. आजचे मोबाइलवरचे चार-पाच फोटो! कप्प्यांचे क्रमांकही ओळीने नसत: १, ७, १३, मग २, ८, १४. डिस्क सेकंदाला ६० फेरे घेई. पंगतीतला पहिला घास गिळेपर्यंत वाढपी पुढे गेलेला असावा तशी संगणकाची गत होई, म्हणून पुढचा घास दोन पाने सोडून वाढायचा.

हा फॉरमॅट पुनःपुन्हा का लागे? डोके सरकवणारी मोटर ठरावीक पावलांनी चाले. रेघ तिला दिसत नसे, पावले मोजून तिथे पोचायचे. उष्णतेने धातू प्रसरण पावतो, भाग झिजतात. रेघ जिथल्या तिथे राहते आणि डोके किंचित बाजूला पडते. बँक कर्मचारी संघटनांशी १९८३ मध्ये करार झाला आणि पुढे शाखांतून यंत्रे येऊ लागली. किनारपट्टीवरच्या एका शाखेत पावसाळ्यात सकाळी डिस्क वाचायला नकार देई आणि यंत्र तापले की सुरळीत चाले. इंजिनीअर यंत्र अर्धा तास चालू ठेवून मगच ‘डीबग’मध्ये ‘जी=सी८००:५’ असा मंत्र टाइप करी आणि रेघा नव्याने ओढी. त्याआधी सारी डिस्क फ्लॉपींवर उतरवायची. ३६० केबीच्या फ्लॉपी लागत जवळजवळ ६०. दुपारी वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. हे काम टाळण्याचा मोह किती होत असेल, पाहा.

जुन्या यंत्रांच्या नादी लागलेल्यांना आज हाच मोह होतो. डिस्क कुरकुरली की लो-लेव्हल फॉरमॅट करावा, हा सल्ला यंत्राच्या दृष्टीने चुकीचा नाही. पण वेंगुर्ल्याच्या एखाद्या माळ्यावरच्या डिस्कमध्ये कुणा काजू कारखान्याचा हिशोब असेल, एखाद्या सोसायटीची खाती असतील, किंवा कुणाची अर्धी राहिलेली कादंबरी. ती दुसरीकडे कुठेच नसेल. माझे मत स्पष्ट आहे: आधी वाचा, मग पुसा. डिस्कवरचा कच्चा संकेत जसाच्या तसा टिपणारे पटल अमेरिकेतल्या डेव्हिड गेसवाइन यांनी तयार केले आहे. बीगलबोन नावाच्या छोट्या संगणकावर ते बसते. घाई कशासाठी?

नंतरच्या आयडीई डिस्कना हे लागू नाही. त्यांच्या रेघा कारखान्यातच ओढल्या जातात, घरी ओढता येत नाहीत. तिथे त्याच नावाने विकला जातो तो नुसता शून्ये भरण्याचा कार्यक्रम.

आणखी एक. जुन्या डिस्कच्या पाठीवर कारखान्याने सदोष जागांची यादी चिकटवलेली असते. आपण नवे रजिस्टर उघडताना पाने मोजून पहिल्या पानावर दाखला लिहितो, तसलीच ती. फॉरमॅट करताना हे आकडे यंत्राला सांगावे लागतात. खोके उघडलेत तर आधी ती यादी वहीत उतरवून घ्या. आपल्या खाऱ्या दमट हवेत त्या चिठ्ठीचा डिंक सुटतो.