पट्टा तुटतो, दोष कोणाचा?

विद्यार्थी मित्रहो, आश्विन महिना लागला की वाशिम जिल्ह्यात सोयाबीनची मळणी सुरू होते. मालेगाव असो, रिसोड असो की मानोरा, शिवाराशिवारांत सोंगलेल्या सोयाबीनच्या सुड्या उभ्या असतात आणि परतीचा पाऊस केव्हा गाठील याचा नेम नसतो. नेमक्या अशा वेळी मळणी यंत्राचा पट्टा तुटतो. काम थांबते, मजूर बसून राहतात. तेवढ्यात पाऊस आलाच, तर भिजलेल्या शेंगांतच दाण्यांना मोड येऊ लागतात.

तुटलेला पट्टा हातात घेऊन सर्वजण एकच निष्कर्ष काढतात : "मालच हलका होता!" मग नवा पट्टा येतो आणि पुष्कळदा तोही थोड्याच दिवसांत तुटतो. माझे म्हणणे असे की, आपण भलत्यालाच शिक्षा करतो. पट्टा हा बहुधा आरोपी नसून साक्षीदार असतो. त्याची साक्ष वाचायला हायस्कूलमधील प्रत्येक मुलामुलीने शिकले पाहिजे आणि शाळांनी ते शिकवले पाहिजे.

प्रथम पट्टा काम कसे करतो ते पाहू. पिठाच्या गिरणीचा किंवा मळणी यंत्राचा पट्टा इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचा असतो. तो पुलीच्या खाचेत पाचरीसारखा रुततो आणि आपल्या दोन्ही तिरप्या बाजूंनी पुलीला पकडतो. खाचेच्या तळाला तो टेकत नाही. खाचेचा कोन ३८ अंश असेल, तर या पाचरीमुळे तेवढ्याच ताणाला सपाट पट्ट्याच्या सुमारे तिप्पट पकड मिळते. म्हणून पट्ट्याच्या दोन्ही बाजू हेच त्याचे खरे हात होत. ते झिजले की पकड गेली.

पट्टा सैल असला की तो घसरतो. घसरण म्हणजे वाया गेलेली ऊर्जा, आणि ती उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. समजा, गिरणीची मोटर ५ अश्वशक्तीची, म्हणजे सुमारे ३,७०० वॅटची आहे आणि पट्टा शेकडा ५ इतका घसरतो आहे. मग सुमारे १८५ वॅट उष्णता पट्टा आणि पुली यांच्यामध्ये निर्माण होत राहील. १०० वॅटचे जवळजवळ दोन दिवे पट्ट्याला चिकटवून ठेवल्यासारखेच हे झाले! पट्ट्याचे तापमान १० अंश सेल्सियसने वाढले की त्याचे आयुष्य जवळपास निम्मे होते, असा कारागिरांचा ढोबळ नियम आहे. उलट पट्टा फार ताणला, तर त्याच्यातील धागे आणि यंत्राची बेअरिंगे यांच्यावर नको तेवढा भार येतो.

दुसरा दोष त्याहून छुपा असतो. दोन्ही पुल्या एका रेषेत नसल्या, तर पट्टा प्रत्येक फेरीत खाचेत तिरपा शिरतो आणि त्याची एक बाजू घासली जाते. हा तिरपेपणा अर्ध्या अंशापेक्षा जास्त नसावा, असे मानतात. म्हणजे १ मीटर अंतरावरील पुल्यांत फक्त ८ ते ९ मिलिमीटरचा फरक! नुसत्या नजरेला तो सहज चकवतो.

पण त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. यंत्र बंद करून वीजपुरवठा तोडा. मोठ्या पुलीच्या दर्शनी बाजूवर, मध्यातून जाईल असा एक ताठ दोरा धरा आणि तो लहान पुलीपर्यंत न्या. दोन्ही पुल्यांच्या कडांची जाडी सारखी असेल, तर दोरा चारही कडांना टेकला पाहिजे. लहान पुलीच्या दोन्ही कडांशी सारखीच फट राहिली, तर पुली दांड्यावर सरकवून घ्यावी लागेल. फट कमीजास्त असेल, तर मोटरच तिरपी बसली आहे. तिच्या पायांचे बोल्ट ढिले करून ती सरळ करावी लागेल. पुली उभ्या दिशेने कलली आहे का, हे गवंड्याच्या ओळंब्याने कळते. भूमितीच्या तासाला शिकलेल्या समांतर रेषा येथे उपयोगी पडतात.

हाच प्रश्न जगात इतरत्रही आहे. कॅनडासारख्या थंड प्रदेशांत बर्फावरून धावणाऱ्या गाड्यांमध्ये दोन क्लचांवरून एक रुंद पट्टा फिरतो. वेग वाढला की एका क्लचच्या तबकड्या जवळ येतात, दुसऱ्याच्या दूर जातात आणि पट्टा वरखाली सरकून गिअरचे काम करतो. तेथेही पट्टा वारंवार तुटू लागला की जाणता कारागीर आधी दोन क्लचांमधील अंतर आणि त्यांची रेषा मोजतो, पातळ चकत्या घालून ती जुळवतो आणि मगच नवा पट्टा चढवतो. अशीच रचना १९८४ साली भारतात आलेल्या कायनेटिक होंडा स्कूटरमध्ये होती, आणि आजच्या बिनगिअरच्या स्कूटरींमध्येही ती असते.

कोणी म्हणेल, "हंगामात मोजमापे घ्यायला वेळ कुठे आहे?" आक्षेप रास्त आहे. म्हणूनच हे काम हंगामापूर्वी, भाद्रपदातच उरकावे. अर्धा तास तेव्हा दिला, तर ऐन मळणीत वाया जाणारा अर्धा दिवस वाचतो. दुसरा कोणी म्हणेल, "पट्टा स्वस्त आहे, बदलला की झाले." पट्टा स्वस्त असेल, पण माणसाची बोटे स्वस्त नाहीत. घसरणाऱ्या पट्ट्यावर चालत्या यंत्रातच राळ टाकणे, काठीने तो दाबणे, घाईत वरची जाळी काढून ठेवणे हे प्रकार सर्रास चालतात. साडीचा पदर, उपरणे किंवा सैल बाही पट्ट्यात जायला एक क्षण पुरतो. मळणी यंत्रासारख्या यंत्रांवर राबणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी १९८३ साली संसदेला धोकादायक यंत्रांविषयी स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरूनच विषयाचे गांभीर्य ध्यानात यावे. नीट जुळवलेल्या पट्ट्याजवळ चालत्या यंत्रात हात नेण्याचा प्रसंगच येत नाही.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. आपल्या पुस्तकातील कप्पीला घर्षण नसते आणि दोरीला वजन नसते. गावातील पुलीला दोन्ही असते. वर्षातून एकदा, गिरणी बंद असताना आणि मालकाच्या परवानगीने, वर्गाला तेथे न्या. टाकून दिलेले पट्टे मुलांच्या हाती द्या. एकच बाजू झिजली असेल, तर पुल्या रेषेत नव्हत्या. दोन्ही बाजू काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असतील, तर पट्टा घसरत होता. पुलीच्या खाचेचा तळ चकाकत असेल, तर खाच किंवा पट्टा झिजला असून पट्टा तळाला टेकत होता. पट्टा पेचकसाने उचकटून चढवला असेल, तर आतील धागे तुटतात आणि नवा पट्टाही लवकर पलटतो. असे निदान स्वतः केलेला विद्यार्थी घर्षणाचा धडा जन्मात विसरणार नाही.

तेव्हा मित्रहो, यापुढे घरचा किंवा गावातला पट्टा तुटला, तर तो फेकू देऊ नका. आधी तो उलटून पाहा, मग यंत्र बंद असल्याची खात्री करून पुल्यांना दोरा लावा, आणि त्यानंतरच वडिलांना नवा पट्टा आणायला सांगा.