फिरता पट्टा आणि गल्लीतील सुशीचे दुकान

सुशी म्हटले की जगाच्या वृत्तपत्रांना दोनच गोष्टी आठवतात. पहिली श्रीमंतीची. २०१४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा टोकिओस गेले असता पंतप्रधान शिन्झो आबे ह्यांनी त्यांना गिन्झा भागातील तळघरातल्या एका लहानशा दुकानात जेवावयास नेले. पॅसिफिक देशांच्या व्यापारकराराची बोलणी त्या वेळी अडलेली होती. साहजिकच त्या जेवणाची चर्चा करारापेक्षा अधिक झाली. २०१९ च्या जानेवारीत तोयोसु बाजारातील वर्षारंभीच्या लिलावात २७८ किलो वजनाचा एकच ट्यूना मासा ३३ कोटी ३६ लाख येनला गेला. तेही जगभर छापून आले. दुसरी गोष्ट स्वस्ताईची: फिरत्या पट्ट्यावरून ग्राहकापुढून सरकत जाणाऱ्या बशा. ह्या दोहोंच्या मध्ये जे आहे ते मात्र बातमीचा विषय होत नाही. रेल्वे स्थानकाकडून वस्तीकडे जाणाऱ्या बाजारगल्लीत, केशकर्तनालयाच्या किंवा धोब्याच्या शेजारी, दाराला कापडी पडदा लावलेले, नवराबायकोने चालविलेले सुशीचे दुकान. जपानी भांडवलशाहीत छोट्या मालकाचे काय झाले, हे ज्याला समजून घ्यावयाचे आहे त्याने त्या पडद्याआड डोकावणे अधिक उपयोगाचे.

आत साध्या लाकडाचा लांब ओटा, त्याला लागून सात-आठ खुर्च्या, मागे चटई अंथरलेली एखादी लहान बैठक. ओट्यापलीकडे दुकानदार स्वतः उभा. बसताच ओला गरम रुमाल आणि जाड पेल्यात हिरवा चहा येतो. दुपारी येणारे गिऱ्हाईक बहुधा निवडीच्या भानगडीत पडत नाही. ‘साधी’, ‘वरची’ अथवा ‘खास’ ह्यांपैकी एक थाळी सांगते. साध्या थाळीत ट्यूनाचा तांबडा तुकडा, माकूल, कोळंबी, अंड्याचा गोडसर थर, दुध्याच्या वाळवून शिजविलेल्या पट्ट्यांची गुंडाळी असे काही असते. पाहणाऱ्याला वाटते की, भाताच्या मुटक्यावर कच्च्या माशाचा तुकडा ठेवला की झाले! वस्तुतः खरे काम गिऱ्हाईक येण्यापूर्वीच संपलेले असते. पहाटे बाजार, मग भात शिजवून त्यात व्हिनेगर कालविणे, कोहादासारखा लहान मासा आधी मिठात आणि मग व्हिनेगरमध्ये किती वेळ ठेवावयाचा हे त्याच्या जाडीवरून आणि त्या दिवशीच्या हवेवरून ठरविणे, समुद्री वाम मऊ होईतो शिजविणे. बर्फ नव्हता त्या काळी मासा टिकावा म्हणून एदो शहरातील कारागिरांनी ह्या युक्त्या शोधल्या. आज बर्फाची वाण नाही. तथापि चव त्या युक्त्यांतच राहिली आहे.

दुकानाचा वस्तीशी असलेला संबंध ओट्यापुरता नसे. कोणाकडे पाहुणे आले, कोणाच्या घरी दुःखद प्रसंग घडला की दुकानाला फोन जाई आणि लाखेच्या गोल परातीत रचलेली सुशी सायकलवरून घरपोच येई. दुसऱ्या दिवशी धुऊन दाराबाहेर ठेवलेली परात दुकानाचा माणूस परत घेऊन जाई. परिचय हेच तिथे तारण होते.

हा पदार्थ मुळात राजवाड्यातला नव्हे. १८२० च्या दशकात एदो, म्हणजे आजच्या टोकिओत, तो रूढ झाला. त्याचे श्रेय हानाया योहेई ह्या विक्रेत्याला दिले जाते. तो विकला जाई रस्त्यावरच्या टपरीतून, आणि मजूर, कारागीर उभ्याउभ्याच खाऊन पुढे जात. ट्यूनाच्या पोटाकडील ज्या चरबीयुक्त भागासाठी आज धनिक वाटेल तो भाव मोजतात, तो भाग त्या काळी टाकाऊ समजला जात असे. एखाद्या वस्तूचे मोल तिच्या अंगी असते असे मानणाऱ्यांनी ह्या एका उदाहरणाचा विचार करावा.

परंतु गल्लीतील दुकानाच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण आहे ते १९४७ चे. युद्धाने जपान उद्ध्वस्त झाला होता, तांदूळ शिधापत्रिकेवर मिळत होता आणि काळाबाजार बोकाळला होता. त्या वर्षीच्या जुलैत सरकारने आणीबाणीचा हुकूम काढून खाद्यगृहे जवळजवळ सरसकट बंद केली. सुशीवाल्यांचा धंदा कायमचा बसला असता. टोकिओतील सुशीवाल्यांनी तेव्हा संघटितपणे अधिकाऱ्यांपुढे एक युक्तिवाद मांडला: आम्ही अन्न विकत नाही, गिऱ्हाईकाने आणलेल्या तांदळावर केवळ प्रक्रिया करून देतो आणि मजुरी घेतो. युक्तिवाद मान्य झाला. गिऱ्हाईकाने आपल्या शिध्यातील एक ‘गो’, म्हणजे सुमारे दीडशे ग्रॅम तांदूळ आणावा आणि मजुरी देऊन सुशीचे दहा नग न्यावेत, असे ठरले. नियंत्रित मासळी मिळेना तेव्हा शिंपल्यांवर आणि नदीतल्या माशांवर भागविले. इतर प्रांतांतील सुशीवाल्यांनीही हाच मार्ग धरला आणि टोकिओची पद्धत देशभर पसरली. मुक्त बाजाराच्या कार्यक्षमतेचे गोडवे गाणाऱ्यांना हे प्रकरण अडचणीचे वाटेल. हा धंदा जगला तो बाजारामुळे नव्हे. शिधावाटप चालू असताना, शिधावाटपाच्या चौकटीत, धंद्यातील माणसांनी एकत्र येऊन केलेल्या व्यवस्थेमुळे जगला.

पुढेही त्याला राज्यसंस्थेचा हात होताच. १९५७ च्या कायद्याने केशकर्तनालये, स्नानगृहे, सुशीची दुकाने अशा धंद्यांना आपापले संघ स्थापून गळेकापू स्पर्धेला आळा घालण्याची मुभा दिली. १९६७ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र सरकारी वित्तसंस्था निघाली. १९७३ मध्ये तारण वा जामीनदार न मागता छोट्या धंद्यांना कर्ज देण्याची देशव्यापी योजना आली. सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाला छोट्या दुकानदाराचा हा कळवळा अकस्मात आलेला नव्हता. कम्युनिस्ट पक्षाच्या जवळच्या ‘मिन्शो’ ह्या छोट्या व्यापाऱ्यांच्या संघटना करविवरणापासून कर्जापर्यंत दुकानदाराच्या पाठीशी उभ्या राहत होत्या आणि त्यांची सभासदसंख्या वाढत होती. टोकिओचे राज्यपालपद १९६७ पासून डाव्यांच्या पाठिंब्यावर निवडून आलेल्या मिनोबे र्योकिची ह्यांच्याकडे होते. क्योतोत १९५० पासून निनागावा तोराझो होते. हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक, आणि राज्यपाल होण्यापूर्वी छोट्या व मध्यम उद्योगांच्या सरकारी खात्याचे पहिले प्रमुख. बिनतारण कर्जाची वाट केंद्राच्या आधी क्योतोनेच चोखाळली होती. डाव्यांनी जे मागितले ते उजव्यांनी मते राखण्यासाठी दिले. छोट्या मालकाला ‘नष्ट होणारा वर्ग’ म्हणून वाऱ्यावर सोडणाऱ्या पोथीनिष्ठांना हा अनुभव पुष्कळ काही सांगू शकतो.

आता फिरत्या पट्ट्याकडे. त्याची हेटाळणी करण्याची सुशिक्षितांत एक रीतच पडली आहे, आणि ती अन्यायाची आहे. १९५८ मध्ये शिराइशी योशिआकी ह्यांनी ओसाकाजवळच्या फुसे येथे पहिले फिरत्या पट्ट्याचे दुकान उघडले. त्या भागात लहानसहान कारखाने, आणि गिऱ्हाईक म्हणजे तिथले कामगार. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून जाणाऱ्या बाटल्या पाहून शिराइशींना ती कल्पना सुचली. नोकर कमी लागावेत हा हेतू होताच. परंतु कामगाराला परवडेल अशा भावात सुशी द्यावी हाही होता. पट्ट्याने आणखी एक गोष्ट केली. जुन्या दुकानात थाळीचा भाव लिहिलेला असे, पण आवडीप्रमाणे एकेक नग मागावयाचा तर पुष्कळदा फळीवर आकड्याऐवजी ‘आजचा भाव’ एवढेच. शेवटी किती होतील ह्या धास्तीने कामगार तिथे आपल्या मुलाबाळांना नेत नसे. पट्ट्यावर बशीचा भाव आधी कळतो, मोजून खाता येते, कोणाची मर्जी सांभाळावी लागत नाही. ज्याच्या खिशात मोजके पैसे आहेत त्याला हे स्वातंत्र्य लहान नव्हे.

प्रश्न आहे तो ह्या स्वस्ताईची किंमत कोण मोजतो हा. १९८१ मध्ये भाताचे मुटके वळणारे यंत्र आले. ‘भात शिकायला तीन वर्षे, वळायला आठ’ अशी जिथे म्हण होती, तिथे यंत्राने वळलेल्या मुटक्यावर कारखान्यात कापून आलेला तुकडा ठेवण्याचे काम नवखा मुलगा चटकन शिकतो. अर्धवेळ काम, तासावर पगार. कौशल्य गेले की सौदा करण्याची शक्तीही जाते, हे गिरणीच्या इतिहासात जितके खरे तितकेच येथेही. कच्चा मालही बदलला. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जपानी माणूस कृमींच्या भीतीने सॅल्मन मासा कच्चा खात नसे. नॉर्वेने आपल्या मत्स्यशेतीतील सॅल्मन खपविण्यासाठी पद्धतशीर मोहीम चालविली आणि आज पट्ट्यावर मुलांचा तोच लाडका. गल्लीतील कित्येक जुने कारागीर त्याला अजूनही ओट्यावर जागा देत नाहीत. हा ताठा धंद्याला परवडणारा नाही, पण समजण्यासारखा आहे.

स्वस्ताईलाही मर्यादा असतात. १९८४ पासून चाललेल्या ‘सुशिरो’ ह्या बड्या साखळीने २०२२ च्या ऑक्टोबरात कर धरून ११० येनची सर्वांत स्वस्त बशी, उपनगरांतील शाखांत, १२० येनची केली. त्या वर्षी जपानचे सरासरी किमान वेतन ताशी ९६१ येन होते. म्हणजे किमान वेतनावर राबणाऱ्याच्या एका तासाच्या श्रमात आठ बशा. हिशेब वाईट नाही. परंतु बशीचा भाव वाढला म्हणून ती पुढे करणाऱ्याच्या पदरात त्यातले किती पडले, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

मग गल्लीतले दुकान ह्या साखळ्यांपुढे इतकी वर्षे टिकले कसे? त्याच्या रसिक भक्तांना ह्याचे उत्तर कारागिरीत आणि जिव्हाळ्यात दिसते. ते उत्तर अपुरे आहे. दुकान खाली आणि घर वर, त्यामुळे भाडे नाही. मालक पहाटे बाजारात जातो आणि रात्री दहा वाजता पडदा उतरवितो; ह्या तासांचा पगार तो खर्चात धरीत नाही. चहा देणारी, भांडी घासणारी, फोनवरच्या मागण्या टिपणारी, हिशेब लिहिणारी त्याची पत्नी. तिचाही पगार खर्चात नाही. छोटा शेतकरी बड्या शेतीपुढे टिकतो तो अधिक राबून आणि कमी खाऊन, असे कार्ल काउत्स्कीने १८९९ मध्ये लिहिले होते; कुटुंबाच्या शेतीला नफ्यातोट्याचे भांडवली गणित लागू पडत नाही, हे रशियात चायानोव्हने दाखविले. शेताच्या जागी ओटा ठेवला तरी विधान बदलत नाही. साध्या थाळीचा भाव जो माफक राहिला, त्यातला एक भाग ओट्यामागच्या बाईने न मागितलेल्या मजुरीचा आहे. आणि पूर्वीच्या उमेदवारांच्या मजुरीचाही: शिकविण्याच्या नावाखाली वर्षानुवर्षे जेवणखाण आणि किरकोळ हातखर्चावर राबलेली ती मुले, ज्यांच्यावर हल्लीचे माहितीपट ‘निष्ठा’ म्हणून फुले उधळतात.

म्हणूनच मुले दुकानात येत नाहीत. त्यांना परंपरेची चाड नाही अशी तक्रार वृद्ध गिऱ्हाइके करतात. मुलांनी मात्र आईबापांचे तास मोजलेले असतात. वारस नाही म्हणून पडदा कायमचा उतरला, अशी दुकाने गल्लोगल्ली आहेत. मोठ्या दुकानांवर मर्यादा घालणारा १९७३ चा कायदा अमेरिकेच्या दडपणाखाली आधी सैल झाला आणि २००० मध्ये रद्द झाला. सुशीच्या दुकानाशी त्याचा थेट संबंध नव्हता; परंतु मासळीवाला, भाजीवाला आणि तांदूळवाला गेला की बाजारगल्लीतून घरी जाण्याचे कारणच उरत नाही, आणि सुशीवाला एकटा मागे राहतो. २०१९ च्या ऑक्टोबरात उपभोग कर १० टक्क्यांवर नेताना सरकारने तीच सुशी बांधून नेल्यास ८ आणि ओट्यावर बसून खाल्ल्यास १० टक्के, असा भेद केला. शेजारी बसून खाणे हा जणू चैनीचा प्रकार!

ह्या दुकानांना सांस्कृतिक वारसा म्हणून गौरवावे, परदेशी प्रवाशांना त्यांचे नकाशे वाटावेत, असे उपाय आता सुचविले जातात. त्यातून थोडी दुकाने वाचतीलही, आणि बहुधा तीही श्रीमंतांची होतील. वस्तीला त्यांचा उपयोग उरणार नाही. अधिक मूलभूत मागणी खुद्द दुकानदारांच्या घरांतूनच आलेली आहे. जपानच्या आयकर कायद्याचे ५६ वे कलम असे आहे की, एकाच घरात राहणाऱ्या पत्नीला वा मुलाला धंद्यातील कामाबद्दल दिलेला पगार खर्च म्हणून धरता येत नाही. विशिष्ट पद्धतीने हिशेब ठेवून आगाऊ अर्ज करणाऱ्यांना सवलत आहे. इतरांना ठरावीक वजावट मिळते, पत्नीसाठी वर्षाला ८ लाख ६० हजार येन. म्हणजे अर्ज न भरणाऱ्या घरातल्या स्त्रीचे बारा महिन्यांचे श्रम कायद्याच्या लेखी पगार ठरतच नाहीत. मिन्शोच्या स्त्री-सभासद हे कलम रद्द करण्यासाठी दीर्घकाळ लढत आल्या आहेत. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक भेदभावविरोधी समितीनेही जपान सरकारचे लक्ष ह्या तरतुदीकडे वेधले. ओट्यामागे उभ्या असलेल्या बाईला पगार द्यावयाचा तर थाळीचा भाव वाढेल, हे खरे आहे. तो किती वाढेल, आणि त्यातला किती भाग गिऱ्हाइकाने, किती करसवलतीतून सरकारने उचलावा, हा हिशेब मांडण्याचे काम जपानच्या अर्थखात्याचे आहे.