ब्रायटनचं बिल कोण भरणार?

उन्हाळा आला की इंग्लंडमधल्या मराठी घरांत पाहुण्यांचा सीझन सुरू होतो. आई-बाबा, सासू-सासरे येतात, लंडन बघून होतं आणि मग ठरलेला बेत म्हणजे ब्रायटन. ट्रेनने जेमतेम तासाभराचं अंतर, संध्याकाळी घरी. मीही पाहुण्यांना घेऊन अनेकदा गेलोय. पण हा एका दिवसाचा पाहुणाच या शहराचं अवघड गणित आहे.

ब्रायटन मुळात कोळ्यांचं गाव. १७५० साली डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्राच्या पाण्याचे औषधी गुण सांगणारा ग्रंथ लिहिला. ते पेशंटना समुद्रात डुंबायलाच नाही, तर ते खारं पाणी प्यायलाही लावत! श्रीमंत मंडळी आली, त्यांच्यामागे युवराज जॉर्ज आला आणि त्याच्यासाठी जॉन नॅशने घुमट-मिनारांचा रॉयल पॅव्हेलियन उभारला. १८४१ मध्ये रेल्वे आली आणि राजेरजवाड्यांचा किनारा सामान्य लंडनकरांचा झाला.

आपला धागाही इथे आहे. पाटण्याचे शेख दीन महंमद यांनी इथे वाफेचे स्नानगृह काढलं. चौथ्या जॉर्जचे ते 'शाम्पू सर्जन' होते. शाम्पू म्हणजे आपली चंपीच. पहिल्या महायुद्धात याच पॅव्हेलियनमध्ये जखमी भारतीय सैनिकांचं हॉस्पिटल होतं. शहराबाहेर टेकडीवर जिथे ५३ हिंदू व शीख सैनिकांवर अंत्यसंस्कार झाले, तिथे १९२१ पासून संगमरवरी 'छत्री' उभी आहे. तिथे तिकीट नाही, गर्दीही नाही.

आता आजची गोष्ट. २०१६ मध्ये किनाऱ्यावर १६२ मीटर उंच 'आय३६०' मनोरा उघडला. त्यासाठी नगरपालिकेमार्फत सार्वजनिक कर्ज दिलं गेलं. अपेक्षेइतके लोक आलेच नाहीत. २०२४ च्या अखेरीस कंपनी दिवाळखोरीत गेली आणि नगरपालिकेला सुमारे ५ कोटी १० लाख पौंडांवर पाणी सोडावं लागलं. शेजारचा १८६६ चा वेस्ट पिअर तर १९७५ मध्येच बंद पडला, २००३ मध्ये जळाला. आता समुद्रात नुसता सांगाडा दिसतो. पॅलेस पिअरने २०२४ पासून बाहेरच्यांना प्रवेश फी लावली, ती याच ओढाताणीतून.

आणि ज्या पाण्यावर हे शहर उभं राहिलं, त्याचं काय? इथल्या जुन्या गटारांत सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकत्र वाहतं. जोराचा पाऊस झाला की ते समुद्रात सोडलं जातं. २०२१ मध्ये सदर्न वॉटर कंपनीला प्रदूषणासाठी ९ कोटी पौंडांचा दंड झाला. एकेकाळी औषध म्हणून पाणी पिणारे लोक यायचे; आज पोहणारे आधी मोबाइलवर बघतात, पाणी सोडलंय का.

मग पैसा आणायचा कुठून? इंग्लंडमध्ये मुक्कामी पर्यटकांवर कर लावण्याचा अधिकार मेयरना देण्याचा प्रस्ताव सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये मांडला. चांगलं आहे, पण मला त्यात एक अडचण दिसते. हॉटेलात राहणारा, म्हणजे आधीच खर्च करणारा, अजून भरणार. सकाळी येऊन किनारा भरून टाकणारा, डबा घरून आणणारा आणि कचरा मागे ठेवणारा मात्र सुटणार. त्यात आपणही आलोच!

आमच्या सॉफ्टवेअर क्षेत्रात नवं फीचर लाँच करायला सगळे पुढे असतात, जुना कोड सांभाळायला कोणी नसतं. ब्रायटनचं तसंच झालं. याउलट, राणी व्हिक्टोरियाला नकोसा झालेला पॅव्हेलियन १८५० मध्ये गावाने ५३ हजार पौंडांना विकत घेतला. तोच आजही लोकांना खेचतो. उंच मनोरे कुठेही होतील, पॅव्हेलियन एकच. गणपतीपुळे-तारकर्लीला शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा बघणाऱ्या आपल्या कोकणातल्या मंडळींनीही नवा प्रकल्प मागण्याआधी गटार, कचरा आणि पाण्याचा हिशेब मागावा.

यंदा पाहुणे आले तर ब्रायटनला एक रात्र तरी राहा. पॅव्हेलियनचं तिकीट काढा, स्थानिक हॉटेलात जेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी छत्रीपर्यंत चालत जा.