‘तुझी रीडिंग्ज दे ना!’

जर्नल सबमिशनच्या आदल्या दिवशी हे वाक्य कुठल्याही कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये ऐकू येतं. चार आकडे उतरवले तर बिघडलं कुठे, असं आपल्याला वाटतं. बिघडतं, मित्रांनो.

जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारू पिऊन शंभरावर माणसं दगावली. दारूत मिथेनॉल होतं. दारूतलं नेहमीचं इथेनॉल आणि हे मिथेनॉल, दोन्ही पाण्यासारखी रंगहीन. नुसतं बघून फरक कळत नाही. तो कळतो गॅस क्रोमॅटोग्राफीने.

तत्त्व अगदी सोपं. मित्रांचं टोळकं लक्ष्मी रोडवर एकत्र शिरतं. कुणी दर दुकानापाशी रेंगाळतो, कुणी सरळ चालत सुटतो. दुसऱ्या टोकाला सगळे वेगवेगळ्या वेळी पोचतात. इथला रस्ता म्हणजे ओव्हनमध्ये गुंडाळून ठेवलेली, बहुधा ३० मीटर लांबीची, आतून पाव मिलिमीटर रुंदीची नळी, म्हणजेच कॉलम. सुईने सोडलेल्या इवल्याशा नमुन्याची गरम जागेत वाफ होते आणि हेलियम किंवा नायट्रोजन तिला पुढे वाहून नेतो. नळीच्या आतल्या लेपात जो घटक जास्त रमतो, तो उशिरा बाहेर पडतो. टोकाला डिटेक्टर असतो. घटक आला की आलेखावर शिखर उमटतं. शिखराच्या वेळेवरून घटक ओळखायचा, क्षेत्रफळावरून प्रमाण काढायचं.

मात्र शिखरावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं! ते ठरवायला शुद्ध मिथेनॉल त्याच कॉलमवर, त्याच तापमानाला सोडून वेळ जुळवावी लागते. नमुना न घालता ‘ब्लँक’ही घ्यावा लागतो, नाहीतर आधीच्या नमुन्याचा अंश आताच्या खात्यात जमा व्हायचा. दोन घटक एकाच वेळी बाहेर पडण्याची शंका असेल, तर दुसऱ्या प्रकारचा कॉलम किंवा मास स्पेक्ट्रोमीटर वापरून खात्री करायची.

कंटाळा आला की आपण नेमक्या याच पायऱ्या गाळतो. उद्या तुमच्यातलेच काही जण औषध कंपनीत, अन्न तपासणीत किंवा न्यायवैद्यक प्रयोगशाळेत बसतील. तिथे तुमच्या सहीवर औषधाची बॅच बाजारात जाईल, कुणाच्या रक्तातल्या अल्कोहोलचा अहवाल कोर्टात जाईल. तेव्हा रीडिंग द्यायला शेजारी मित्र नसेल. यंत्र कितीही महागडं असो, खरेपणा त्याच्यासोबत फुकट मिळत नाही. तो प्रॅक्टिकलच्या टेबलावरच अंगी लागतो. म्हणून या वेळी रीडिंग चुकलं तरी चालेल, पण ते स्वतःचं असू द्या.