लॉगबुक उघडा, पुणेकरांनो!

१८९० साली लोकमान्य टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. शिक्षणसंस्था चालवणाऱ्यांनी कोणती बंधने पाळायची, हा त्या वादाचा गाभा होता. आजीव सदस्याने सारा वेळ संस्थेलाच द्यावा, बाहेरची मिळकत करू नये, हा टिळकांचा आग्रह होता. तो आगरकर-गोखले या सहकाऱ्यांना मान्य होईना, तेव्हा १८८० मध्ये चिपळूणकर-नामजोशींबरोबर ज्या न्यू इंग्लिश स्कूलपासून सुरुवात केली, तिच्याशीही त्यांनी नाते तोडले. बरोबर कोण, टिळक की आगरकर-गोखले, यावर आजही वाद घालता येईल. पण शाळेच्या कारभारासाठी या गावात माणसे एवढी पेटून उठत होती!

आणि आज? कित्येक शाळांत ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले’ एवढ्या एका ओळीवर शालेय समितीची सभा उरकते. सह्यांची वही घरोघर फिरते.

निकष नाहीत असे नाही. २०१५ च्या ‘शाळासिद्धी’ या शाळांच्या मूल्यमापन उपक्रमाने शालेय नेतृत्व व व्यवस्थापन हे मूल्यमापनाचे स्वतंत्र क्षेत्र ठरवले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने मुख्याध्यापकांकडून वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षणाची अपेक्षा ठेवली. राज्याचे शिक्षण आयुक्तालय आपल्याच शहरात आहे, शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद कुमठेकर रस्त्यावर. कागद इथूनच निघतात. कुमठेकर रस्त्यापासून हाकेच्या अंतरावरच्या वर्गात ते पोहोचतात का, हे कोण पाहणार?

मुख्याध्यापकांचे टेबल एकदा नीट पाहा. यू-डायसची माहिती, शालार्थची वेतन देयके, आधार जुळणी, पोषण आहाराच्या नोंदी, आणि त्यात ‘आज पाचपर्यंत पाठवा’ असा निरोप. याच टेबलावर लॉगबुक असते. शिक्षकाच्या तासाला मागच्या बाकावर बसून काय शिकवले, मुलांना काय कळले, हे मुख्याध्यापकांनी लिहायची वही. नेतृत्वाचा खरा निकष या वहीत दिसतो. तपासणीच्या आदल्या दिवशी एकाच शाईत वर्षभराच्या नोंदी भरल्या जात असतील, तर स्वयंमूल्यमापनाच्या तक्त्यात वरचा स्तर नोंदवून कोणाचे भले होणार? दोष एकट्या मुख्याध्यापकांचा नाही. सेवाज्येष्ठतेने खुर्ची मिळते, पण त्या खुर्चीचे काम शिकवायला क्वचितच कोणी पुढे येते.

म्हणून संस्थाचालकांनो, लिपिकाचे काम मुख्याध्यापकांच्या माथ्यावरून उतरवा आणि त्यांना रोज एक तरी तास वर्गात बसू द्या. मुख्याध्यापक बाई, सर, शिक्षकांशी त्या नोंदींवर बोला; मेमो काढण्यासाठी ती वही वापरू नका. पालकांनो, शुल्क विनियमन कायद्याने खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ बंधनकारक केला आहे आणि त्याची कार्यकारी समिती इच्छुकांतून चिठ्ठ्या टाकून निवडायची असते. चिठ्ठीत आपले नाव टाका. निवड झाली तर फीपाशी थांबू नका. पहिल्याच सभेत विचारा: या महिन्यात किती तासांचे निरीक्षण झाले, त्यातून काय बदलले? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या, आणि पुढच्या सभेला तेच पान पुन्हा उघडायला लावा.