आंकड्यांच्या आडचा वर्णद्वेष

अडाण्याच्या पूर्वग्रहापेक्षां सुशिक्षिताचा पूर्वग्रह अधिक घातक असतो. कारण त्याच्या हातीं आंकडे असतात. ही गोष्ट आम्हांस नुकतीच एका स्नेह्यांनीं पटवून दिली. त्यांची धाकटी कन्या अमेरिकेंत अटलांटा येथें नोकरी करते. तिचें मन एका कृष्णवर्णीय तरुणावर जडल्याचें कळतांच हे गृहस्थ आमच्याकडे आले व म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, मला रंगाचें कांहीं नाहीं. पण तेथील सरकारी आरोग्यखात्याचेच आंकडे पाहा. त्या लोकांत एच्. आय्. व्ही.चें प्रमाण केवढें आहे! बापानें काळजी करूं नये काय?"

बापानें काळजी जरूर करावी. परंतु काळजीच्या पांघरुणाखालीं दुसरेंच कांहीं निजलें आहे कीं काय, हें पाहणें अवश्य आहे.

आंकडे खरे आहेत, हें प्रथमच मान्य करूं. अमेरिकेच्या लोकसंख्येंत कृष्णवर्णीयांचें प्रमाण शेंकडा 12 ते 13. परंतु 2021 सालीं एच्. आय्. व्ही.चें जें नवें निदान झालें, त्यांत त्यांचा वांटा सुमारें 40 टक्के होता. ही विषमता झांकून ठेवणारा त्या समाजाचा मित्र नव्हे. वाद आंकड्याविषयीं नाहीं. त्यावरून काढलेल्या अनुमानाविषयीं आहे.

सामान्य समजूत अशी कीं, ज्या समाजांत हा रोग अधिक, त्याचें आचरण अधिक स्वैर. संशोधकांनीं हीच समजूत तपासून पाहिली, व ती टिकली नाहीं. ग्रेगोरिओ मिलेट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 2006 व 2012 सालीं अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून दाखविलें कीं, कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांचें वर्तन गोऱ्यांहून अधिक धोक्याचें नाहीं. 2007 सालीं हॅलफोर्स व इतर संशोधकांनीं तरुण स्त्रीपुरुषांविषयीं असेंच दाखविलें: कृष्णवर्णीय तरुण सावधपणें वागत असतांही त्यांस अशा रोगांची बाधा अधिक होते.

मग हें घडतें कसें? दोन आळ्यांची कल्पना करा. एकींत शंभरांत एकास रोग आहे, दुसरींत शंभरांत दहांस. दोन्हींकडील तरुण सारखेच सावध आहेत. परंतु सोयरीक मात्र ज्याची त्याच्याच आळींत. अशा स्थितींत दुसऱ्या आळींतल्या तरुणाची बाधित व्यक्तीशीं गांठ पडण्याचा संभव दसपट होतो. त्यांत त्याचा अपराध कोणता? तो त्या आळींत जन्मला, व पहिल्या आळीनें त्यास दार लावून घेतलें, एवढाच! सॅन फ्रान्सिस्को येथें रेमंड व मॅकफार्लंड यांनीं 2009 सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत हेंच दिसतें. तेथील समलिंगी पुरुषांत जोडीदार म्हणून कृष्णवर्णीयांस पसंती सर्वांत कमी. त्यांच्यापासून रोगाचा धोका अधिक, असाही इतरांचा समज. परिणामीं त्यांचे संबंध आपसांतच अधिक जुळतात व रोग त्याच वर्तुळांत फिरत राहतो. म्हणजे ज्या आंकड्याच्या भयानें दार लावलें, तो आंकडा वाढविण्यास तें दारच कारण होतें!

यांत उपचाराच्या विषमतेची भर पडते. 2010 च्या कायद्यानें गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्याचा विस्तार योजिला होता; 2012 च्या न्यायालयीन निर्णयानें तो राज्यांच्या मर्जीवर गेला, व दक्षिणेंतील कित्येक राज्यांनीं तो नाकारला. कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती दक्षिणेंतच आहे. डॉक्टरांवर त्यांनीं विश्वास ठेवावा म्हणावें, तर टस्कीगी येथें सरकारी डॉक्टरांनींच सुमारें चारशें उपदंशग्रस्त कृष्णवर्णीयांस 1932 पासून 1972 पर्यंत उपचारावांचून ठेवून रोगाची गति पाहिली. याची आठवण त्यांनीं कशी पुसावी?

मिश्रविवाहाला विरोध करणारांनीं वेळोवेळीं आपला आधार बदलला आहे. 1958 सालीं व्हर्जिनियाच्या रिचर्ड व मिल्ड्रेड लव्हिंग यांनीं असा विवाह केला, तेव्हां त्यांस हद्दपारी पतकरावी लागली. परमेश्वरानेंच निरनिराळे वंश निरनिराळ्या खंडांत ठेवले, असें समर्थन तेथील न्यायाधीशानें केलें. 1967 सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें तो कायदा एकमतानें रद्द केला. गॅलपच्या पाहणींत अशा विवाहास 1958 सालीं शेंकडा 4 लोकांची संमति होती. 2021 सालीं ती 94 झाली. आतां देवाचें नांव घेण्याची सोय राहिली नाहीं. म्हणून आरोग्यखात्याचें घेतात. त्या खात्यानेंही चुका केल्या आहेत. 1983 सालीं त्यानें हैतीच्या लोकांस सरसकट रोगाच्या धोक्याचा गट ठरविलें, व 1985 सालीं तें नांव यादींतून काढलें. तेवढ्या काळांत निरपराध माणसांवर जो शिक्का बसला, तो यादीबरोबर पुसला गेला नाहीं.

कोणी म्हणेल, "जोडीदार निवडणें ही ज्याची त्याची खुषी." अगदीं मान्य! कोणाच्या गळ्यांत बळेंच माळ घाला, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु "मला आवडत नाहीं" असें म्हणणारा निदान प्रामाणिक असतो; "शास्त्र सांगतें" असें म्हणणारानें शास्त्राच्या कसोटीस उतरलें पाहिजे. आणि शास्त्र काय सांगतें? समूहाचें प्रमाण म्हणजे व्यक्तीचें रक्त नव्हे. रक्ताची परीक्षा सहज होते. औषधानें विषाणूचें प्रमाण मोजण्यापलीकडे खालीं आलेल्या व्यक्तीपासून जोडीदारास बाधा होत नाहीं. 2016 च्या पार्टनर नांवाच्या अभ्यासांत अशा शेंकडों जोडप्यांत एकासही बाधित जोडीदारापासून लागण झालेली आढळली नाहीं. निरोग्यास प्रतिबंधक गोळी 2012 पासून तेथें मान्य आहे.

आपल्या घरांतील गोष्ट घ्या. भारतांत या विषाणूचा पहिला शोध 1986 सालीं मद्रासेंत लागला. तेव्हांपासून एकनिष्ठ असलेल्या कित्येक गृहिणींस तो त्यांच्या पतींकडूनच मिळाला, आणि ते पति जातगोत पाहूनच निवडलेले होते. आमच्या स्नेह्यांनींही थोरल्या मुलीच्या वेळीं पत्रिका पाहिली, पगार पाहिला. रक्त कोणी पाहिलें नाहीं.

आम्ही त्यांस एवढेंच सुचविलें कीं, काळजी आरोग्याचीच असेल तर उपाय सोपा आहे. दोघांनींही तपासणी करून घ्यावी.

"दोघांनीं?" गृहस्थ दचकून म्हणाले.

त्या एका प्रश्नांत त्यांचे सारे आंकडे संपले.